उभं कुठं राहायचं? अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांत कॅमेरा घेऊन

अमरावतीच्या जुन्या वस्तीत पत्ता विचारला की उत्तरात हमखास एक गेट येतं. "जवाहर गेटातून आत जा जी, मंग कोणालेही विचारजा." सांगणारा माणूस दोनशे वर्षांपूर्वीच्या भिंतीच्या हिशेबानं बोलत असतो. त्या भिंतीला लागून दुकानं झाली आहेत, तिच्या सांध्यांत पिंपळ रुजला आहे, कुठं ती घरांच्या मागं पार झाकून गेली आहे. बोलण्यात मात्र ती अजून शाबूत आहे. अकोल्यात हेच काम वेस करते. दहीहंडा वेस, अगर वेस ही नावं जुन्या शहरातली वाट सांगताना आजही तोंडात येतात.

मी कॅमेरा घेऊन या दोन शहरांत हिंडायला लागलो तेव्हा सुरुवातीचे कितीतरी फोटो वाया गेले. नक्षीदार खांब आला, घर आलं नाही. कमान आली, पण ती कोणासाठी उघडत होती याचा पत्ता लागला नाही. कॅमेरा चांगला होता. मी भलत्याच जागी उभा राहत होतो. पुढं जुनी गॅझेटिअरं वाचली, म्हाताऱ्या माणसांशी बोललो, त्याच गल्ल्यांतून वेगवेगळ्या ऋतूंत चाललो, आणि एक साधी गोष्ट ध्यानात आली. इमारत तिथं आणि तशी का उभी आहे हे कळलं की आपण कुठं उभं राहायचं तेही कळतं. या प्रकरणात हेच सांगायचं आहे.

भिंत कोणाच्या भीतीनं उभी राहिली

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरावती ही निजामाच्या राज्यातली श्रीमंत बाजारपेठ होती. कापूस, सोनं, सावकारी, सगळं इथं एकवटलेलं. अशा गावावर पेंढाऱ्यांची नजर असणारच. व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजाम सरकारनं १८०७मध्ये गावाभोवती दगडी परकोट बांधायला घेतला. घेर सव्वादोन मैलांचा, उंची वीस ते सव्वीस फूट. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या ठेवल्या. इथं खिडकी म्हणजे घराची खिडकी समजायची नाही. परकोटातून पायी माणसांना ये-जा करता यावी म्हणून ठेवलेला तो लहान दरवाजा. यातल्या खुनारी खिडकीचं नावच रक्तानं पडलेलं आहे. तिच्याजवळ झालेल्या मारामारीत सातशे माणसं मारली गेली, अशी नोंद गॅझेटिअरमध्ये आहे.

ही हकिकत माहीत नसताना परकोटाचा फोटो काढला तर काळ्या दगडांची एक भिंत मिळते. हकिकत माहीत असली की दोन जागा लगेच सुचतात. पहिली जागा बाहेरची, जिथून लुटारूला ही भिंत दिसली असती. तिथून उंची आली पाहिजे, म्हणून कॅमेरा खाली आणि पायथ्याशी माणूस हवा. दुसरी जागा आतली, भिंतीच्या आडोशाला वाढलेल्या दाट वस्तीतली. तिथून एकमेकांना चिकटलेली घरं, अरुंद बोळ आणि वर उरलेली आभाळाची पट्टी आली पाहिजे. गावाला भिंतीच्या बाहेर पसरता येत नव्हतं, म्हणून ते आतल्या आत दाटत आणि उंच होत गेलं. बुधवारा, सक्करसाथ या भागांत फिरताना हे अंगाला जाणवतं.

अकोल्याचा असदगड मोर्णा नदीच्या काठावर आहे. गावाची कथा अशी सांगतात की अकोलसिंग नावाच्या माणसानं इथं एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिला. हा शकुन चांगला मानून त्यानं गावाला मातीची तटबंदी घातली. पुढं औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या काळात, १६९७च्या सुमारास, दगडी तट उभा राहिला आणि किल्ल्याला त्याचं नाव मिळालं. असदगडावर कोरीव काम फारसं नाही. त्याचं सगळं बळ दगडाच्या थरांत आणि नदीवरच्या जागेत आहे. म्हणून त्याच्या अगदी जवळ जाऊन तपशील टिपण्यात मजा नाही. मोर्णेच्या पलीकडच्या काठावर जावं, नदी, तट आणि तटावरचं आभाळ एका चौकटीत घ्यावं. किल्ला नदीकडे पाहत उभा आहे, तर आपणही नदीच्या बाजूनंच त्याच्याकडे पाहावं.

नावात दिशा, दिशेत उजेड

दरवाजांची नावं म्हणजे जुन्या काळच्या रस्त्यांवरच्या पाट्या. नागपुरी गेट नागपूरच्या वाटेचं, खोलापुरी गेट खोलापूरच्या वाटेचं. अंबागेट अंबादेवीच्या देवळाकडे नेतं. त्या देवळातूनच श्रीकृष्णानं रुक्मिणीला नेलं, अशी या भागातली श्रद्धा आहे. अकोल्याच्या दहीहंडा आणि अगर या वेशींची नावंही तालुक्यातल्याच गावांची.

छायाचित्रकाराला या नावांचा रोकडा उपयोग आहे. नागपूर अमरावतीच्या पूर्वेला, खोलापूर पश्चिमेला. गावाच्या पूर्वेच्या तोंडावर सकाळचं ऊन येतं, पश्चिमेच्या तोंडावर संध्याकाळचं. म्हणजे नावावरून वेळेचा अंदाज घरी बसूनच बांधता येतो. दरवाजाचं तोंड प्रत्यक्षात थोडं वळलेलं असू शकतं, म्हणून जागेवर गेल्यावर मोबाइलमधलं होकायंत्र बघून खात्री करावी.

वऱ्हाडातल्या उन्हाचं गणित जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. अमरावती साधारण २०.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, अकोला २०.७ अंशांवर. म्हणजे दोन्ही शहरं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, पण त्याच्या जवळच. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या २३ ते २५ तारखांच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाखाली जाते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मेमधल्या त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि रस्ते ओस पडलेले असतात. उघड्या भिंतीवर मात्र एक वेगळीच गंमत चाललेली असते. ऊन भिंतीला वरून घासत खाली उतरतं आणि दगडाचा प्रत्येक खडबडीतपणा, टाकीचा प्रत्येक घाव सावलीनं उठून दिसतो. परकोटाच्या दगडांची घडण टिपायला ही वेळ उत्तम. सोबत पाणी आणि डोक्याला दुपट्टा हवा, आणि काम पंधरा मिनिटांत उरकायचं.

डिसेंबरमध्ये चित्र पालटतं. दुपारी बारालाही सूर्य जेमतेम ४५ अंश वर चढतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या घराचा सज्जा एक हात पुढं आलेला असेल, तर त्याची सावली भिंतीवर एक हातच खाली पडते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना हीच सावली अडीच हातांच्या पुढं जाते. म्हणजे नक्षीदार कठडा, महिरप आणि खालचा दरवाजा हे सगळं उजेडात हवं असेल, तर दक्षिणमुखी वाड्याला हिवाळ्याची दुपार द्यावी.

उत्तरमुखी घराचा न्याय उलटा. हिवाळाभर त्याच्या दर्शनी भिंतीला थेट ऊन लागतच नाही. उन्हाळ्यात मात्र सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि तसाच पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. मे-जूनमध्ये पहाटे उठून गेलं तर एरवी सावलीत असलेल्या भिंतीवर तिरकं सोनेरी ऊन खेळताना सापडतं. एकाच गल्लीतल्या समोरासमोरच्या दोन घरांना दोन वेगवेगळे ऋतू द्यावे लागतात, हे एकदा कळलं की शहर वर्षभर पुरतं.

सव्वीस फुटांची भिंत, पंधरा फुटांची गल्ली

उंच इमारतीचा फोटो काढताना बहुतेकांचा हात आपसूक वर उचलला जातो. मोबाइल वर तिरका झाला की भिंतीच्या उभ्या कडा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागं कलंडल्यासारखी दिसते. कारण सरळ आहे. कॅमेऱ्याचा संवेदक आणि भिंत एकमेकांना समांतर राहिले नाहीत, तर भिंतीचा लांबचा भाग लहान होत जातो. डोळा ही गोष्ट मनातल्या मनात सुधारून घेतो, कागदावरचा फोटो सुधारून घेत नाही.

उपाय एकच, कॅमेरा सरळ धरणं. मग वरचा भाग मावावा म्हणून मागं सरकावं लागतं. किती सरकायचं याचा हिशेब सोपा आहे. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या भाषेत २४ मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्ससारखा पाहतो. तो उभा आणि अगदी सरळ धरला, तर डोळ्याच्या पातळीच्या वर जितकं दिसतं ते अंतराच्या पाऊणपट असतं. डोळा जमिनीपासून पाच फुटांवर धरू. सव्वीस फुटांचा परकोट पूर्ण यायला डोळ्याच्या वर एकवीस फूट दिसायला हवेत, म्हणजे अठ्ठावीस फूट मागं जायला हवं. तीस फुटांच्या वाड्यासाठी तेहतीस-चौतीस फूट लागतात.

पण गल्ली पंधरा फुटांची असेल तर? मग पाठ समोरच्या भिंतीला टेकली तरी जेमतेम सोळा फुटांपर्यंतचं दिसेल, म्हणजे फार तर पहिल्या मजल्यापर्यंत. इथं समोरच्या घरातल्या माणसाशी ओळख कामी येते. त्याच्या माडीवर, डोळा पंधरा फुटांवर येईल असं उभं राहिलं की त्याच तीस फुटी वाड्याचा माथा आणि पाया, दोन्हीला वीस फुटांचं अंतर पुरतं. गल्लीत ते नसतं, पण गच्चीच्या मागच्या कडेला सरकून बऱ्याचदा मिळतं. मधल्या उंचीवरून इमारत पाहणं हा जगभरच्या वास्तुछायाचित्रकारांचा जुना मार्ग आहे, आणि अमरावतीत तो "काकू, दोन मिनिटं वर जाऊ का?" या प्रश्नातून जातो.

तेही जमलं नाही, तर संपूर्ण इमारतीचा हट्ट सोडावा. अरुंद गल्लीनं वाडा कधीच पूर्ण दाखवला नव्हता. तिथं राहणाऱ्यांनीही तो तुकड्यातुकड्यानंच पाहिला. दिंडी, उंबरा, वरचा सज्जा, छपराची कड असे चार फोटो क्रमानं लावले की वाडा मनात उभा राहतो. नंतर संगणकावर कडा सरळ करता येतात, पण त्यात दोन्ही बाजूंचा भाग कापला जातो, म्हणून काढतानाच बाजूला थोडी जागा सोडून ठेवावी.

घराचं तोंड वाचताना

वऱ्हाडातल्या जुन्या घरांचं सामान जवळचंच आहे. जोत्याला आणि तटाला काळा बेसाल्ट, वर वीट आणि चुना, आणि खांब-तुळयांना मेळघाटाचं सागवान. छपरावर कवेलू, नंतरच्या काळात टिनं. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून जोतं उंच आणि भक्कम हवं. दारातल्या पायऱ्या मोजल्या की बांधणाऱ्याला जमिनीची किती धास्ती होती ते दिसतं. फोटोत जोतं कापलं, तर घरानं मातीशी केलेला हा व्यवहारच कापला जातो.

सराफ्यासारख्या व्यापारी पेठेत घराचा खालचा मजला दुकानाचा आणि वरचा राहण्याचा. खाली सपाट, वर नक्षी. त्या नक्षीत मारवाडी व्यापाऱ्यांनी आणलेली राजस्थानी धाटणी, मराठी वाड्याच्या सुतारकामाची रीत आणि इंग्रजी काळातले कमानी-खांब यांची सरमिसळ सापडते. १९३० ते १९५०च्या दरम्यानच्या इमारतींवर आडव्या पट्ट्या, गोल वळणाचे कोपरे आणि सिमेंटमधली अक्षरं दिसायला लागतात. एकाच चौकात उभं राहून शंभर वर्षांचा फरक एका फोटोत घेता येतो.

दारावरची सालाची पाटी कधीही सोडू नये, पण ती वाचताना कुठला शक आहे ते बघावं. 'संवत' लिहिलं असेल तर त्यातून ५७ वजा केले की इसवी सन येतं, वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांसाठी ५६. 'शके' असेल तर त्यात ७८ मिळवायचे. वऱ्हाड निजामाकडे होता, तेव्हाच्या कागदांत फसली सन आढळतो. त्यात साधारण ५९० मिळवायचे. संवत १९७० वाचून एखादा माणूस घर पन्नास वर्षांचं समजतो आणि पुढं निघून जातो. खरं तर ते घर १९१३च्या आसपासचं असतं.

कापसानं घडवलेली दृश्यं

१८५३च्या तहानं वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढं प्रांताचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा एकाचं ठाणं अमरावती आणि दुसऱ्याचं अकोला झालं. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीचं मोल एकाएकी वाढलं. त्याच दशकात भुसावळ-नागपूर लोहमार्ग अकोल्यावरून गेला. अमरावती मुख्य मार्गावर आली नाही. तिला बडनेऱ्याहून फाटा मिळाला. दोन शहरांची ठेवण वेगळी दिसते त्याला हा रूळही कारण आहे.

अकोल्यात मोर्णेच्या एका काठावर जुनं शहर आणि दुसऱ्या काठावर ताजनापेठेपासून स्थानकाकडे पसरलेलं व्यापाराचं शहर. जुन्या शहराची गल्ली वळत वळत जाते, कारण ती पायांनी पडली. नव्या पेठेचा रस्ता मालाच्या वाहतुकीसाठी आखला गेला, म्हणून तो सरळ जातो. पहिल्यात वळणावर थांबून कोपऱ्याआडून काय निघतं याची वाट पाहावी. दुसऱ्यात रस्त्याच्या मधोमध असलेल्या दुभाजकाच्या टोकाशी उभं राहून दोन्ही बाजूंच्या रेषा दूर एकत्र मिळताना घ्याव्यात.

जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, त्यांची उंच धुराडी आणि टिनांच्या लांब पडव्या हे वऱ्हाडाचं खरं औद्योगिक शिल्प. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की कारखान्याबाहेर गाड्यांची रांग लागते, आवारात पांढरे डोंगर उभे राहतात आणि हवेत रुईचे तंतू तरंगतात. सूर्य समोर ठेवून, पण तो धुराड्याआड लपवून उभं राहिलं तर तंतू उजळतात. सावतराम मिलसारख्या गिरण्यांनी अकोल्याच्या कित्येक पिढ्यांना भोंग्यावर उठवलं. जुन्या गिरण्यांचं छप्पर पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारखं असतं आणि त्यातल्या काचा उत्तरेकडे असतात. उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही, सारखा मऊ उजेड येतो, आणि तुटलेला धागा कामगाराला दिसतो. आपण उत्तरमुखी घराबद्दल जे शिकलो, ते गिरणी बांधणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं.

अकोल्याहून पश्चिमेला तासाभरात बाळापूरला पोचता येतं. तिथं मिर्झा राजा जयसिंगाची छत्री नदीकाठी उभी आहे. तिला भिंती नाहीत, खांब आणि कमानी आहेत. बांधणाऱ्याला बसायला सावली हवी होती आणि पाहायला नदी, म्हणून सगळ्या बाजू मोकळ्या. हिचा फोटो बाहेरून एक आणि आतून एक असा जोडीनंच काढावा. आत उभं राहिलं की प्रत्येक कमान स्वतःच एक चौकट होते.

रस्ता थांबत नाही

१८३८मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. तेव्हाच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्यात गाड्या आणि माणसं येऊन गेली, त्यांची खूणही उरली नाही. उरला फक्त एक माणूस, बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला. छायाचित्रात आलेला बहुधा तो पहिला माणूस. रस्ता आणि इमारत यांचं भांडण छायाचित्रणाच्या जन्मापासूनचं आहे: इमारतीला वेळ लागतो, रस्ता वेळ देत नाही.

आज हा वेळ आपल्या हातात आहे. चालणारा माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चाळीस सेंटीमीटर जातो. पडदा सेकंदाच्या तिसाव्या भागापुरता उघडा राहिला, तर तो तेवढ्यात साडेचार सेंटीमीटर सरकतो आणि पाय पुसट होतात. अडीचशेव्या भागात तो अर्धा सेंटीमीटरच सरकतो आणि स्पष्ट येतो. इतवारा बाजाराची गर्दी दाखवायची असेल तर अडीचशेवा भाग ठेवावा. गर्दीमागची जुनी कमान दाखवायची असेल तर कॅमेरा ओट्यावर टेकवून एक-दोन सेकंद उघडा ठेवावा; माणसं धुक्यासारखी विरतात आणि दगड तेवढा ठाम राहतो.

रस्त्यावरची माणसं टिपायला त्यांच्या मागं धावायची गरज नसते. आधी जागा निवडावी. भिंत चांगली आहे, तिच्यावर ऊन आणि सावलीची रेघ आहे, तिथं थांबावं. शहर आपल्या पायांनी येतं: सायकलवर डब्यांची माळ लावलेला दूधवाला, डोक्यावर पाटी घेतलेली मावशी, शाळेची पोरं. संध्याकाळी गिला वड्याच्या गाडीपाशी उजेडाच्या विरुद्ध बाजूला उभं राहिलं तर कढईवरची वाफ दिव्यात चमकते आणि तिच्यामागून हात पुढं येतात.

या सगळ्याची मोठी परीक्षा अकोल्यात श्रावणात होते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून शिवभक्त कावडी खांद्यावर घेतात आणि रात्रभर चालत श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला आणतात. मोठ्या कावडींना कितीतरी भरणे बांधलेले असतात, आणि किती भरण्यांची कावड यावर मंडळाची शान ठरते. रात्र, पाऊस, दिवे, गुलाल, आणि खांदे बदलताना एका तालात वाकणारे शेकडो देह. इथंही आधी वाट समजून घ्यावी. कावड वळते त्या कोपऱ्यावर ती क्षणभर संथ होते आणि तिची पूर्ण लांबी दिसते. त्या वळणावरच्या ओट्यावर तासभर आधी जाऊन जागा धरावी, आणि कावडीच्या वाटेत पाऊलही टाकू नये.

"कायचा फोटू काढता जी?"

हा प्रश्न येणारच, आणि तो रागाचा नसतो. त्याचं उत्तर खरं द्यावं आणि पडद्यावर फोटो दाखवावा. माणसाचा चेहरा मुख्य असेल तर आधी विचारावं. बाया-पोरं, दुःखाचा प्रसंग, देवळाचा गाभारा, मशिदीतली नमाज इथं विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नये. 'नको' म्हटलं की नमस्कार करून पुढं जावं.

कायदा या बाबतीत उदार आहे. १९५७च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२नुसार वास्तूचा फोटो काढणं आणि छापणं हा प्रताधिकाराचा भंग होत नाही. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या पुतळ्यांनाही ते लागू आहे. पण कोणाच्या घरात शिरायचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि रेल्वे किंवा सुरक्षेच्या जागांचे नियम वेगळे असतात.

आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात चौकातली एक जुनी इमारत कोसळली आणि पाच माणसं गेली. भिंतीला फुगवटा आला आहे, तुळई टेकूवर आहे, दारावर धोक्याची नोटीस आहे, अशा घरात फोटोसाठी पाय ठेवू नये. त्याचा फोटो रस्त्याच्या पलीकडून काढावा, आणि लवकर काढावा.

फोटोच्या मागची बाजू

युजेन आतजे नावाचा एक माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७मध्ये मरेपर्यंत जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन पॅरिसच्या जुन्या भागात पहाटे पहाटे हिंडत राहिला. दारं, जिने, दुकानांच्या पाट्या, अंगणं. तो आपल्या फोटोंना दस्तऐवज म्हणायचा. पाडापाडीत गेलेलं पॅरिस आज त्या दस्तऐवजांत आहे. आपल्याकडेही ही दृष्टी फार लवकर आली होती. मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी त्या काळातले नाणावलेले छायाचित्रकार होते. वऱ्हाडातल्या प्राचीन वास्तूंची यादी हेन्री कझेन्स यांनी १८९७मध्ये प्रसिद्ध केली.

दस्तऐवज व्हायचा तर फोटोला नोंद हवी: गल्ली, कुठल्या दिशेला तोंड करून काढला, तारीख, वेळ, आणि शेजाऱ्यांनी सांगितलेली दोन वाक्यं. घरात जुना फोटो सापडला तर तीच जागा पुन्हा शोधता येते. त्यातल्या जवळच्या आणि लांबच्या दोन वस्तू निवडायच्या, समजा एक खांब आणि त्यामागचा कळस, आणि त्या फोटोत जशा एकामागं एक दिसतात तशा दिसेपर्यंत सरकत राहायचं. जुळल्या की तुम्ही त्या जुन्या छायाचित्रकाराच्या पावलांवर उभे असता.

अमरावतीत परकोटाच्या आत एका जुन्या घराच्या सज्जाचे फोटो काढत असताना ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले होते, "हे तं पडाले आलं जी. याचा कायले काढता?" मी म्हटलं, पडायला आलंय म्हणूनच. ते काही बोलले नाहीत. दोन महिन्यांनी मी एक प्रत कागदावर छापून त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली, सज्जावर बोट फिरवलं, मग फोटो उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी तो मला परत दिला आणि नातवाच्या दप्तरातला पेन मागवला.

"मागं लिवा ना," ते म्हणाले, "कोणत्या गल्लीतलं, कोणाचं घर, कवाचा फोटू. न्हाई तं पोराइले कसं कळन?"

मी त्यांच्या ओट्यावर बसून लिहिलं. तेव्हापासून मागची बाजू कोरी ठेवून मी कोणाला फोटो दिलेला नाही.